बाईंचे पावणेपाच

सत्त्याण्णव साल होतं. पण गल्लीत त्याला सत्त्याण्णव साल कुणी म्हणत नाही. "बाई नापास झाल्या ते वर्ष" असंच म्हणतात. कुणाच्या मुलाचा जन्म त्याच्या आधीचा, कुणाचं लग्न त्याच्या नंतरचं, असा हिशेब लागतो.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. गल्लीच्या टोकाला जी शाळा आहे तिथे त्यांनी हयात घालवली आणि एवढ्या हयातीत दहापैकी सातांच्या वर कुणाला जाऊ दिलं नाही. "उत्तर बरोबर असणं हे कर्तव्यच आहे, त्याचे मार्क कसले मागता?" असं त्यांचं म्हणणं. समास सोडला नाही, पाव मार्क कमी. खाडाखोड, पाव मार्क कमी. एका मुलीचं तर उत्तर, रीत, अक्षर सगळं चोख होतं. तिचा पाव मार्क त्यांनी "उत्तर बरोबर आल्याचं तुलाच आश्चर्य वाटलेलं दिसतं" म्हणून कापला होता.

सगळी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे माणसांना आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडून बाईंनी दिलेले मार्कच चिकटले होते. रस्त्यातल्या पाण्याच्या चाव्या सोडणारा तो 'सव्वातीन'. चांगला बायकामुलांचा माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, पण त्याची बायकोसुद्धा दारातून ओरडायची, "अहो सव्वातीन, डबा विसरलात!" इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे 'साडेपाच'. इमारतीत तेवढे मार्क दुसऱ्या कुणाला नव्हते, म्हणून ते जिना उतरतानाही जरा ताठ उतरायचे.

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सुनेला घेऊन परदेशी स्थायिक झालेला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी विषय एकच.

"आई, आता पुरे झालं. इकडे ये."

"इकडे काय वाईट चाललंय?"

"काय चांगलं चाललंय ते सांग. पाणी एक वेळ. रस्त्यात खड्डे. दिवे कधी असतात, कधी नसतात. इथे नळ सोडला की पाणी येतं, आई. कधीही!"

"मग तुम्ही सारखे नळच सोडत बसता का?" बाई विचारायच्या आणि फोन ठेवायच्या.

ही बोलणी भिंतीपलीकडे शब्दन् शब्द ऐकली जात. पलीकडच्या बिऱ्हाडात ज्या काकू राहायच्या, त्यांना सगळे 'तारघर' म्हणत. शाळेत त्या बाईंच्या हाती लागल्या नव्हत्या, लग्न होऊन आल्या होत्या, म्हणून मार्कांऐवजी त्यांना नाव तरी मिळालं. बातमी त्यांच्या कानात शिरली की भाजीवाल्यापर्यंत पोचायला भाजीची पिशवी उचलण्याचाच काय तो अवकाश.

तर त्या साली एक सर्वेक्षण निघालं. विकसनशील देशांतल्या नागरिकांना स्वतःच्या राहणीमानाबद्दल काय वाटतं, हे कुणालातरी जाणून घ्यायचं होतं. कुणाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक किडकिडीत मुलगी खांद्याला झोळी लावून दारोदार फिरू लागली. तिच्याजवळ एका शिडीचं चित्र होतं. खालची पायरी शून्य, वरची दहा. वरची म्हणजे माणसाला लाभू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, खालची म्हणजे वाईटातलं वाईट. आपण कुठल्या पायरीवर, ते बोट ठेवून सांगायचं. बस्स.

सेक्रेटरींनी दार उघडल्या उघडल्या आठवर बोट ठेवलं. आकडा कमी गेला तर इमारतीतल्या जागांची किंमत पडेल, असा त्यांचा अंदाज. तारघर काकूंनी "सहा लिही गं, दूध उतू जातंय," असं आतूनच सांगितलं. मग मुलगी बाईंच्या दारात आली आणि तिथे अडकली.

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, चष्मा लावला आणि शिडी उलटसुलट करून पाहिली.

"उपप्रश्न कुठे आहेत?"

"उपप्रश्न नाहीत. एकच प्रश्न आहे."

"आख्ख्या आयुष्याचा एकच प्रश्न? आणि गुणांची विभागणी?"

"तशी काही नाही, आजी. जे मनात येईल ते सांगायचं."

"मनात येईल ते?" बाईंनी चष्मा काढला. "पेपर कुणी काढलाय हा?"

मुलीला काही ते सांगता येईना. "सगळे पटकन सांगतात हो," ती काकुळतीला आली.

"सगळे पटकन सांगतात म्हणूनच सगळ्यांचे गुण कापावे लागतात. मार्क असे दारात उभ्या उभ्या देत नाहीत. मला दोन आठवडे लागतील."

मुलगी म्हणाली, दुसरं घर घेते. पण बाईंना तेही पटलं नाही, आणि तिच्या वरिष्ठांनाही पटण्यासारखं नव्हतं. निवडलेलं घर बदलायचं नाही असा कडक नियम होता. तेव्हा तिने हात जोडले आणि दोन रविवारांनंतर येते म्हणाली.

त्या रविवारी बाईंनी मुलाला फोनवर हे सांगितलं आणि तो एकदम खुलला.

"वा! आई, मग असं करू. तूच माप. तुझ्या पद्धतीने, पाव पाव मार्क कापून. शाळेतल्यासारखे साडेतीन नाहीत, दहापैकी पाच पडले तर मी पुन्हा तुला इकडे ये म्हणून म्हणणार नाही. जन्मात नाही. पण नापास झालीस तर?"

बाई क्षणभर थांबल्या. भिंतीपलीकडे तारघर काकूंच्या हातातली वाटीही थांबली.

"नापास झाले तर नापासांचा जो नियम, तो मला. सगळ्या गल्लीला लावला, मला का नको?"

"शब्द?"

"मी शब्द देते का, असं तू मला विचारतोस?" बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दुपारच्या आत गल्लीला कळलं. बाई चालल्या.

आता, बाई गेल्याने गल्लीचं काय अडणार होतं, असं कुणी विचारलं असतं तर सरळ उत्तर कुणाला देता आलं नसतं. बाई कुणाशी गोड बोलत नसत. पण निम्म्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या खिळ्याला असायच्या. संध्याकाळी ज्यांचं गणित कच्चं ती सगळी पोरं त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसायची. आणि कुणाच्याही घरात भांडण पेटलं की आवाज बाईंच्या मजल्याला पोचू नये म्हणून आपोआप खाली यायचा. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "जागा विकली आणि एखादा बँडवाला येऊन राहिला, म्हणजे?" पण म्हणताना त्यांनी नाक पुसलं.

सगळ्यात जास्त लागलं ते सव्वातीनला. तो जिन्यात बसून राहिला.

"पाण्याचे मार्क म्हणजे माझेच मार्क," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी बाईंच्या हातून पास व्हायचं होतं. आता पेपर पुन्हा आलाय."

इकडे बाईंनी पाटी कोरी केली. पाच प्रश्न, प्रत्येकी दोन गुण: पाणी, रस्ता, वीज, सरकारी ऑफिस आणि शेजार. ऐकीव माहितीवर मार्क द्यायचे नाहीत. प्रत्येक विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची.

पहिला विषय पाणी. बाई पहाटे स्वयंपाकघरात नळासमोर खुर्ची टाकून बसल्या, पर्यवेक्षकाने बसावं तशा. रोज तो नळ आधी खोकायचा, मग हवा सोडायचा, मग करंगळीएवढी धार लागायची. त्या दिवशी तो खोकला नाही. सव्वातीनने रस्त्यातली चावी जन्मात पहिल्यांदा शेवटच्या आट्यापर्यंत सोडली होती. नळाने एक हुंकार दिला, तोटी निखळली, छताला लागली, तिथून बाईंच्या डब्यांच्या फळीवर आली आणि तिच्या मागोमाग पाणी आलं. बाई खुर्चीसकट भिजल्या. चष्म्यावरून पाणी निथळत असतानाही त्या उठल्या नाहीत, कारण परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकाने जागा सोडायची नसते. शेवटी खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींची बायको ओरडली, "बाई, आमच्याकडे वरून पाणी येतंय!"

"खालून कधी आलं होतं?" बाई म्हणाल्या. "आलंय तर भरून घ्या."

सव्वातीन धापा टाकत आला, फडकं कोंबलं, आटे फिरवले आणि ओल्या फरशीवर उभा राहून आशेने बाईंकडे बघू लागला.

"किती, बाई?"

"एवढं पाणी कुठून आणलंस?"

त्याने हातातलं फडकं पिळलं.

"खालच्या गल्लीची चावी बंद करून?"

तो अंगठ्याने फरशी उकरू लागला.

"म्हणजे शेजारच्याच्या पेपरातून उतरवलंस," बाई म्हणाल्या. "तेव्हाही हेच केलं होतंस. तेव्हा निदान वही तरी कोरडी होती."

दुसऱ्या दिवसापासून खालच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन येऊ लागल्या, बाईंच्या नावाने बोटं मोडत. बाईंनी त्यांना दारात उभं करून ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर "तुमच्यामुळे" असं कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सव्वातीन मात्र त्या बायकांसमोर स्वतः जाऊन उभा राहिला, चूक माझी म्हणाला, शिव्या खाल्ल्या आणि आठवडाभर दोन्ही गल्ल्यांना बेताबेताने, पण वेळेवर पाणी सोडत राहिला. बाईंनी हे खिडकीतून पाहिलं.

मग रस्ता. इमारतीच्या फाटकासमोर एक जुना खड्डा होता. इतका जुना, की लोक पत्ता सांगताना "खड्ड्याच्या समोर" असं सांगायचे. सेक्रेटरींनी इमारतीची सभा बोलावली. ठराव झाला, विरोध झाला, ठराव मागे घेतला गेला, चहा झाला आणि शेवटी सगळ्यांनी मिळून स्वतःच तो सिमेंटने बुजवायचं ठरलं. गवंडी कशाला, मला येतं, असं तीन जण म्हणाले. तिघांच्या तीन पद्धती. खड्डा बुजला, पण बुजता बुजता वर आला आणि त्याचा एक देखणा उंचवटा तयार झाला. त्यावर ओली पोती टाकून सगळे बाजूला उभे राहिले, आणि नेमक्या बाई रस्त्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेर पडल्या.

"बाई, थांबा! ओलं आहे!" असं सेक्रेटरी ओरडले. पण उत्तर सांगू नये असं बाईंनीच सगळ्यांना शिकवलेलं. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि पोत्यावर उजवं पाऊल टाकलं. पाऊल घोट्यापर्यंत गेलं. बाई चेहऱ्यावरची रेष न हलवता उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाऊल वर काढलं; चप्पल आली नाही. पुन्हा घातलं, तेव्हा पोतंही आलं आणि चप्पल आणखी खोल गेली.

गल्लीतल्या पन्नाशीच्या, साठीच्या बायकापुरुषांनी त्या क्षणी एकाही चेहऱ्यावर हसू येऊ दिलं नाही. तारघर काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, त्यांचं सोडा. बाई एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात सिमेंटचा मोजा अशा सावकाश जिना चढून वर गेल्या. पहिल्या मजल्यावर थांबून त्यांनी वळून विचारलं, "हे काम कुणाच्या परवानगीने केलंत?"

परवानगी घेतलीच नव्हती. आणि ती घेतली नाही म्हणून दोन दिवसांनी पालिकेचा माणूस आला. रस्ता हा पालिकेचा, खड्डाही पालिकेचा, तेव्हा तो परस्पर बुजवणं हा गुन्हा आहे असं त्याने सांगितलं आणि वाळलेला उंचवटा फोडायला लावला. मधला चपलेभोवतीचा भाग काही फुटेना. तो तसाच ठेवून माणूस निघून गेला. म्हणजे खड्डा होता तिथे खड्डा आला, त्याच्या मधोमध दगडासारखं एक ढेकूळ, आणि त्यात बाईंची उजव्या पायाची चप्पल.

त्यानंतर सरकारी ऑफिसचा विषय. फाटकासमोरचा दिवा बंद असल्याची तक्रार करायला बाई गेल्या. पण तारघर काकूंचा मावसभाऊ तिथे शिपाई. बाई आत शिरताच खुर्ची आली, पंखा त्यांच्याकडे वळला, चहा आला आणि कारकुनाने त्यांनी तोंड उघडायच्या आत "तक्रारीचं निवारण झालं आहे" असा शिक्का मारून कागद पुढे केला.

"मी अजून तक्रार सांगितली नाही," बाई म्हणाल्या.

"तुमची तक्रार असेल तर रास्तच असणार, बाई."

बाईंनी कारकुनाकडे निरखून पाहिलं. "तू 'चार वजा पाव' ना? प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहायची तुझी खोड जुनी आहे. हा कागद मागे घे. मी बाहेर जाते आणि अनोळखी बाईसारखी पुन्हा आत येते. रोज लोकांना जसं वागवता तसं वागवा."

कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण इलाज नव्हता. बाई पुन्हा आत आल्या, तेव्हा त्याने मान वर न करता त्यांना पलीकडच्या खिडकीत पाठवलं. पलीकडची खिडकी जेवायला गेली होती. ती आल्यावर कळलं की दिवा बंद असल्याचा अर्ज करायला आपण त्याच रस्त्यावर राहतो याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून विजेचं बिल लागतं, आणि बिलावर नाव यजमानांचं होतं, तेव्हा यजमानांनी स्वतः यावं.

"ते यायचे नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग त्यांनी तसं लिहून द्यावं," खिडकी म्हणाली.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या थकलेल्या होत्या, पण समाधानी. "आता बरोबर झालं," त्या तारघर काकूंना म्हणाल्या. "पहिल्यांदा मला वाटलं, देश फारच पुढे गेला की काय."

विजेच्या परीक्षेत गल्लीचा वायरमन तेवढा हुशार निघाला. त्याने काहीच केलं नाही. दिवे जसे जायचे तसे जाऊ दिले आणि गेले की सायकल मारत येऊन लावून दिले. बाईंना ते आवडलं.

ठरल्या रविवारी झोळीवाली मुलगी आली, तर तिला जिना चढायला जागा नव्हती. पायरीपायरीवर माणसं. कठड्यावर माणसं. खालच्या गल्लीतल्या दोन बायकाही आल्या होत्या, निकाल ऐकायला. सव्वातीन नवा सदरा घालून दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो उचलून टेबलावर आडवा ठेवला, मुलालाही निकाल ऐकू यावा म्हणून.

बाई उभ्या राहिल्या. शाळेत निकाल बसून सांगत नसत.

"पाणी. दोनपैकी एक. उत्तर चुकलं, पण चूक कबूल केली आणि गणित पुन्हा सोडवलं."

सव्वातीनने डोळे मिटले. एक म्हणजे निम्मे. म्हणजे आपल्यापुरता तो पास होता. पण त्याला पुढचं ऐकायचं होतं.

"रस्ता, अर्धा. वीज, एक. सरकारी ऑफिस, अर्धा. तो अर्धाही चहाचा." बाईंनी श्वास घेतला. "शेजार. एक आणि पाऊण."

जिन्यात कुजबुज उठली. दोनपैकी पावणेदोन! बाईंनी असे मार्क कधी कुणाला दिले होते? सेक्रेटरी बोटांवर बेरीज करू लागले, साडेपाच असूनही दोनदा चुकले. सव्वातीनची बेरीज आधी झाली.

"पावणेपाच," तो म्हणाला. "बाई, पाव मार्क!"

"पावणेपाच," बाई म्हणाल्या. "नापास."

"शेजारचा पाव का कापला?" वरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं.

"भिंतीला कान लावण्याबद्दल."

सगळा जिना तारघर काकूंकडे वळला. काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी. "अगं बाई, मी कान लावला नसता तर तुम्हाला कुणाला कळलं असतं का?" असं त्या म्हणाल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. मग सगळेच बोलू लागले. ग्रेसचा मार्क द्या बाई. पाव तर मागतोय. आम्ही खड्डा पुन्हा बुजवतो. मला चौथीत जो पाव मार्क दिला होतात, तो परत घ्या आणि इकडे लावा. सेक्रेटरी तर म्हणाले, माझ्या साडेपाचातला अर्धा घ्या. स्वतःचा अर्धा मार्क तो माणूस द्यायला तयार झाला, यावरून वेळ कशी होती ते समजा.

"थांबा, थांबा," झोळीवाली मुलगी म्हणाली. गोंधळात तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. "रडायचं काय त्यात? माझ्याकडे अपूर्णांकाला जागाच नाही. पूर्ण आकडा लागतो. पावणेपाच म्हणजे मी पाचच लिहिते."

जिन्यात असा जल्लोष झाला की फोनमधून मुलाचा आवाज आला, "काय झालं? काय झालं?" सव्वातीनने त्या मुलीचे हातच धरले.

"खोड ते," बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"माझ्या हाताखालून गेलेल्या कुणाला पावणेपाचाचे पाच केले का मी कधी? हा समोर उभा आहे. याचे सव्वातीन होते. साडेतीन केले असते तर वरच्या वर्गात गेला असता. याची आई माझ्या दारात बसून रडली होती. तेव्हा याला जो पाव मार्क दिला नाही, तो आज स्वतःला देऊ? तुझ्याकडे अपूर्णांकाला जागा नसेल तर चार लिही."

सव्वातीनने मान खाली घातली. पण त्याची छाती मात्र, कशी कोण जाणे, फुगली होती. आपले मार्क बाईंना अजून पाठ आहेत, हे त्याला आज कळलं.

मुलीने चार लिहिले. जिंकल्यावर माणसाला वाटायला हवा तसा आनंद टेबलावरच्या फोनमधल्या मुलाला झाला नसावा. मग तो हळूच म्हणाला, "आई, मग पुढच्या महिन्याचं तिकीट काढू?"

"कशाचं तिकीट?"

"अगं, नापास झालीस ना? शब्द दिलायस."

"दिलाय. मोडणार नाही." बाईंनी फोन उचलून कानाला लावला आणि जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नापास झालेलं मूल कुठे जातं?"

"कुठे म्हणजे?"

"शाळेत गेलायस ना? पास झालेला वरच्या वर्गात जातो. तो बाक सोडतो, वर्ग सोडतो, शेवटी शाळाही सोडतो. तू पास झालास, गेलास. आणि नापास झालेला?"

भिंतीपलीकडचं ऐकायची सवय असलेल्या तारघर काकूंना तिथूनही ऐकू आलं ते असं: "...त्याच वर्गात बसतो."

"त्याच वर्गात, त्याच बाकावर, पुन्हा एक वर्ष," बाई म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. सुनेला आशीर्वाद सांग."

आणि फोन ठेवला.

जिन्यातल्या लोकांना कळायला जरा वेळ लागला. गणितात कच्चीच होती ती सगळी. आधी खालच्या गल्लीतल्या दोघी हसल्या, मग सव्वातीनने "बाई नापास!" अशी आरोळी ठोकली, आणि मग ती आरोळी मजल्यामजल्यांवरून रस्त्यापर्यंत गेली. एखाद्या मुलाचा पहिला नंबर आला तरी गल्लीत इतका आनंद झाला नव्हता.

पुढे कुणाचं काय झालं, तेही सांगून टाकते.

सर्वेक्षणाचा अहवाल यथावकाश कुठेतरी छापला गेला आणि त्यात देशाचा क्रमांक बराच खाली होता. सेक्रेटरी ते वाचून म्हणाले, नुसती आपली गल्ली धरली असती तर आणखी खाली गेला असता, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. झोळीवाली मुलगी पुढे त्याच संस्थेत वरिष्ठ झाली आणि तिच्या प्रश्नावल्यांमध्ये अपूर्णांकाला जागा असते असं ऐकलं.

बाईंनी परीक्षा मात्र दर वर्षी घेतली. मुलाने पैजेला पैज म्हणून स्वतःचेही मार्क कळवायला सुरुवात केली. पाणी दोन, रस्ता दोन, वीज दोन, ऑफिस दोन. शेजारच्या रकान्यात तो पहिली काही वर्षं काहीच सांगायचा नाही. बाई म्हणायच्या, शून्य नको लावू, गैरहजर लिही. मग एका वर्षी त्याने फोनवर सांगितलं, समोरच्या म्हाताऱ्याने बिनसाखरेचा चहा पाजला, पाव मार्क देतो. "सुरुवात चांगली आहे," बाई म्हणाल्या. तो दर वर्षी येऊन महिनाभर राहू लागला आणि आल्यावर नळाला पाणी आलं की सगळ्यांच्या आधी तोच बादली लावायचा.

कारकून बढती मिळून दुसऱ्या ऑफिसात गेला. तिथे तो मान वर करून प्रश्न ऐकतो म्हणतात. तारघर काकूंना पुढे ऐकू कमी येऊ लागलं. तेव्हा बाई फोनवर मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

आणि मार्क? पाणी दोन्ही वेळा येऊ लागलं. दिवे जायचे थांबले. बाईंनी पाण्याला अर्धा आणि विजेला पाव गुण वाढवला, वाढवावाच लागला. बेरीज पाचाजवळ यायला लागली तशी गल्ली पुन्हा बोटांवर मोजू लागली. पास झाल्या तर? तेव्हा रस्त्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तो खड्डा होता तसाच होता, मधोमध ढेकूळ आणि त्यात चप्पल. पालिकेने रस्ता तीनदा नवा केला. तिन्ही वेळा सव्वातीन कामगारांच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसला आणि तेवढी जागा सोडायला लावली. सेक्रेटरींनी सभेत ठरावच केला, एकमताने. त्या खड्ड्यापायी बाई दर वर्षी रस्त्याला शून्य द्यायच्या, पाणी साचण्याबद्दल आणखी पाव कापायच्या, आणि शून्यातून पाव कसा कापायचा हे कुणी विचारायचं नाही. बेरीज पावणेपाच.

बाई शेवटपर्यंत त्याच वर्गात राहिल्या. त्या गेल्या त्यानंतर काही दिवसांनी पालिकेची माणसं खडी आणि डांबर घेऊन पुन्हा आली. सव्वातीन तोवर निवृत्त झाला होता, काठी घेऊन चालत होता. तो खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिला. मुकादम म्हणाला, "आजोबा, आता कशाला अडवता? बुजवू द्या की. रस्ता चांगला होईल."

"तेवढा राहू द्या," सव्वातीन म्हणाला. "गल्ली पास झाली तर सगळे निघून जातील."